खाजनात यंत्र उतरण्याआधी मानशीवर जा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "तिसवाडीत नदीकाठच्या गावात माझं सासर आहे. सासऱ्यांना कूळ म्हणून मिळालेलं सुमारे चार हजार चौरस मीटर खाजन शेत आहे. सत्तरी उलटली तरी ते दरवर्षी कोरगूट ही भाताची जुनी जात लावतात. माझे यजमान जहाजावर असतात आणि मी पणजीत नोकरी करते. गेली दोन वर्षं गणपती झाल्यावर शेतात खारं पाणी आलं आणि कणीस भरायच्या वेळी पीक पिवळं पडलं. गावातली तरुण मुलं म्हणतात, सगळ्यांची शेतं एकत्र करू, रोपणी यंत्र आणू, नवं बियाणं लावू. सासरे म्हणतात, खाजनात यंत्र चालत नाही आणि कोरगूट मी सोडणार नाही. दीर म्हणतात, मानशीचा (बांधातल्या पाण्याच्या दाराचा) मासळीहक्क घेणाराच वर्षाचे पैसे द्यायला तयार आहे, शेत त्याला मासळीसाठी देऊन टाका, नाही तर विकून मोकळे व्हा. कुणाचं ऐकू? आणि कूळ संघाच्या सभेला मी गेले तर चालेल का? तिथे कधीच बाई गेलेली नाही."

ताई, नमस्कार.

यंत्र, बियाणं आणि विक्री या तीन गोष्टींवरून तुमच्या घरात वाद चालला आहे. पण पत्रातलं जे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, सगळा प्रश्न त्याच्यातच आहे: गणपती झाल्यावर शेतात खारं पाणी आलं. ते आलं कुठून? बांधाला खांड पडली होती, की मानस उघडी होती? आधी हे शोधून काढा. हे कळेपर्यंत यंत्राचं बोलणं बाजूला ठेवा. खारं पाणी शिरत राहिलं तर हाताने लावलेलं पीकही जाईल आणि यंत्राने लावलेलंही.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. मांडवी, झुवारी, शापोरा या नद्यांच्या मुखाकडच्या भागात समुद्राची भरती आत शिरते. तिथल्या सखल जमिनी बांध घालून नदीपासून राखलेल्या आहेत, त्यांना खाजन म्हणतात. गोव्यात असं सुमारे 18,000 हेक्टर खाजन असल्याचं सांगितलं जातं. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. जाड लाकडाच्या फळ्या अशा टांगलेल्या असतात की भरतीचं पाणी बाहेरून रेटू लागलं की दार आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने ते बाहेरच्या बाजूला उघडतं. पावसाळ्यात साठलेलं गोडं पाणी असं रोज बाहेर जातं आणि जाताना मातीतलं मीठ धुऊन नेतं. पीक निघालं की याच दारातून बेताने खारं पाणी आत घ्यायचं आणि पोंयीत, म्हणजे मानशीच्या आतल्या तळ्यात, सुंगटं (कोळंबी) आणि शेवटे, काळुंदर, चोणक हे मासे वाढू द्यायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी लागली की मानशीच्या तोंडाला जाळं लावतात आणि रात्रीतून मासळी काढतात. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मासळी, अशी ही एकाच जमिनीतली दोन पिकं.

यातली खरी करामत वेळेची आहे. दार कधी मिटलेलं ठेवायचं, कधी उघडायचं आणि आत किती पाणी घ्यायचं, हे गावाने मिळून ठरवायचं. बांदोड्याच्या दीड हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपटात खाजन जमिनीचा आणि ती लागवडीखाली आणण्याचा उल्लेख आहे. एकट्याच्या बळावर खाजन राखणं कठीणच. पूर्वी हे काम गावकारी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची संस्था, करायची, पुढे पोर्तुगीज अमदानीत तिची कोमुनिदाद झाली. मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला, 1976 च्या दुरुस्तीने कुळं मालक झाली. कसणाऱ्याच्या हाती जमीन आली हे न्याय्यच झालं, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण जमीन घराघराची झाली तरी पाणी सगळ्यांचंच राहिलं. त्यासाठी आदल्याच वर्षी, 1975 मध्ये, कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम झाले होते आणि बांध, मानस नि पोंय सांभाळण्याचं काम कूळ संघांकडे आलं. तुमच्या गावातला संघ तो हाच.

संघाला पैसा कुठून मिळतो? मुख्यतः मानशीच्या पावणीतून. मासळी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो आणि त्या रकमेतून बांधाची डागडुजी व्हावी, असा हेतू. भाताला किंमत होती तोवर हे बरोबर चाललं. पण मजुरी चढली, घरोघरची मुलं नोकरीला गेली, भात परवडेनासं झालं आणि सुंगटांचा दर मात्र वाढत राहिला. पावणी घेणाऱ्याने मोठी रक्कम मोजलेली असते. ती वसूल करायची तर त्याला पाणी जितकं जास्त आणि जितका जास्त काळ आत ठेवता येईल तितकं बरं. भाद्रपदात पाऊस ओसरू लागला की नदीचं पाणी पुन्हा खारं व्हायला लागतं. नेमक्या त्या दिवसांत, कापणीला महिनाभर असताना, कुणी फळी उचलून ठेवली किंवा दाराखाली दगड अडकवला, तरी कणीस भरायच्या वेळी पीक करपतं. दोन वर्षं असं झालं की शेतकरी कंटाळून शेत पडीक टाकतो. पडीक शेत वाढलं की मासळीचं तळं आपोआप मोठं होतं. गोव्यातली कितीतरी खाजनं याच वाटेने गेली आणि अजून जाताहेत. यात कुणी एक माणूस खलनायक आहे असं मी म्हणत नाही. पण पावणीच्या कागदात पाण्याची वेळ लिहिलेली नसेल तर पाणी पैशाच्या मागे जाणार, हे धरूनच चाला.

म्हणून पहिलं काम हे करा. एखाद्या रविवारी ओहोटीच्या वेळी सासऱ्यांना बरोबर घेऊन मानशीवर जा. फळ्या नीट मिटतात का, कडेने पाणी झिरपतं का, लाकूड कुजलं आहे का, ते बघा. मग बांधावरून चालत जा आणि आतल्या बाजूच्या उताराकडे लक्ष ठेवा. खेकड्याचं बीळ बोटाएवढं असतं. भरतीच्या वेळी त्याच्या तोंडाशी माती ओली दिसते आणि गढूळ पाण्याचा बारीक ओघळ येतो. हे तेव्हाच चिखलाने नीट ठासून बुजवलं तर दोन घमेल्यांचं काम. तसंच राहिलं तर उधाणाच्या एखाद्या रात्री तिथेच खांड पडते आणि मग ते काम एका घराच्या आवाक्यात राहत नाही. सासऱ्यांना हे सगळं डोळे मिटून दिसत असेल. त्यांना दाखवायला सांगा आणि मोबाइलवर तारखेसह फोटो काढून ठेवा. सभेत ते उपयोगी पडतील.

आता यंत्राचं. सासऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. खाजनात खाली घट्ट तळ नसतो, चिखलात पाय पोटरीपर्यंत जातो. रोपणी यंत्राला सपाट वाफा, बेताचं पाणी आणि चाकाला टेकायला थोडी तरी घट्ट जमीन लागते. शिवाय त्यासाठी चटईवर वेगळी रोपं तयार करावी लागतात. सखल, दलदलीच्या तुकड्यात हे यंत्र फसतं आणि ते बाहेर काढण्यातच दिवस जातो. पण थोडे उंच तुकडे असतील तर तिथे ते चालू शकेल. मुलांनी सगळ्या खाजनाची एकदम जबाबदारी घेऊ नये. पहिल्या वर्षी दोन-तीन उंच तुकड्यांवर करून बघावं.

सखल तुकड्यांसाठी मी दुसरंच सुचवेन. तुमच्याकडे अजून जुनी पद्धत असेल: उन्हाळ्यात कुदळीने ढेकळांचे ढीग घालायचे, पहिल्या पावसांनी त्यातलं मीठ खाली उतरून ओहोटीबरोबर जाऊ द्यायचं, मग ढीग मोडून मोड आलेलं बियाणं फेकायचं. ही पद्धत मोडू नका, त्यातले कष्ट तेवढे कमी करा. ढीग मोडून चिखलणी करायला पॉवर टिलर चालतो. मोड आलेलं बियाणं ओळीत टाकायला ड्रम सीडर मिळतो: प्लास्टिकची भोकं पाडलेली पिंपं, एक माणूस ओढत नेतो, इंजीन नाही की डिझेल नाही. ओळीत पेरलं की निंदणीही सोपी होते. पेरल्यावर लगेच मुसळधार आला तर बी वाहून जातं, तेव्हा पावसाचा अंदाज बघूनच दिवस धरा. मळणी तर यंत्रानेच करा, तिथे हात मोडून घेण्यात काही अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र मुलांना नक्की सांगा. ट्रॅक्टरने खोल नांगरट करू नये. अनेक खाजनांत खालच्या थरात गंधकाचे क्षार असलेला काळा गाळ असतो. तो वर येऊन हवेला लागला की माती आंबट होते आणि मग मिठाबरोबर आंबटपणाशीही झगडावं लागतं. वरवर चिखलणी पुरे.

बियाण्याच्या बाबतीत मी सासऱ्यांच्या बाजूने आहे आणि थोडा मुलांच्याही. मुलं जर ज्योती किंवा जया लावायचं म्हणत असतील तर खाजनात ते चुकेल. या जाती मरडावर (उंचावरच्या जमिनीत) आणि खेरात (मधल्या पातळीच्या रेताड जमिनीत) चांगल्या येतात, पण मीठ त्यांना सोसत नाही. सामान्य भाताचं उत्पादन मातीच्या द्रावणातली क्षारता 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की घसरू लागतं. आणि पावसाला खंड पडला की खाजनात ती त्याच्या पुष्कळ वर जाऊ शकते. कोरगूट शतकानुशतकं याच मातीत निवडलं गेलं आहे. ते खारटपणा सोसतं, आठवडाभर पाणी तुंबलं तरी उंच वाढून डोकं वर काढतं, आणि त्याच्या लांब कुसळांमुळे पाखरं-गुरं त्याला जरा दूरच ठेवतात. त्याच्या लाल उकड्या तांदळाच्या पेजेला ज्यांची जीभ सरावली आहे त्यांना दुसरं काही रुचत नाही, हे मी स्वतः अनुभवाने सांगतो. त्याचा दोष एकच, उंच असल्यामुळे ते वाऱ्यापावसात लोळतं आणि उत्पादन कमी येतं.

यावर एला, जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने काम केलं आहे. कोरगूटमधूनच निवड करून त्यांनी गोवा धान 1 आणि गोवा धान 2 या जाती काढल्या, पुढे खारटपणा सोसणाऱ्या गोवा धान 3 आणि 4 आल्या. त्यांच्या आवारातल्या कृषी विज्ञान केंद्रात जा, तुमच्या शेताची माती तपासायला द्या आणि बियाण्याची चौकशी करा. पहिल्या वर्षी अर्ध्या शेतात सासऱ्यांचं कोरगूट आणि अर्ध्यात गोवा धान लावा. शेजारी शेजारी उभं पीक बघितल्यावर घरात वाद घालायची गरज राहणार नाही. सासऱ्यांचं घरचं बियाणं मात्र काही झालं तरी वेगळं राखा. दरवर्षी सगळ्यांत दमदार कणसं निवडून, वाळवून, जपून ठेवा. गावातलं हे बियाणं एकदा संपलं की कुठल्याही दुकानात विकत मिळणार नाही.

मुलांच्या एकत्र शेतीच्या कल्पनेला माझा मनापासून पाठिंबा आहे. खाजनात ती नवी कल्पना नाहीच, उलट मध्ये पडलेला खंड भरून काढणं आहे. तुमच्या शेजारी तीन तुकडे पडीक असतील तर उंदीर, तण आणि मोकाट गुरं तिथून तुमच्याकडे येणार. अडचण एवढीच की मुंबईला किंवा परदेशी असलेले मालक शेत कसायला द्यायला घाबरतात: उद्या कसणारा कूळ म्हणून दावा लावेल ही त्यांची भीती. ती अगदी निराधार आहे असं म्हणता येणार नाही. तेव्हा तोंडी काही करू नका. वकिलाकडून एका हंगामापुरता, पिकापुरता लेखी करार करून घ्या. त्यात जमिनीचा ताबा मालकाकडेच राहतो हे स्पष्ट लिहा आणि संघाची सही असू द्या. मुलांना विभागीय कृषी कार्यालयात पाठवा. गटाने शेती करणाऱ्यांना आणि यंत्रांना मदत मिळते, त्याची चौकशी तिथे होईल. कृषी कार्ड नसेल तर तेही तिथेच काढा.

दिरांच्या सूचनेबद्दल फार लिहायची गरज नाही. कूळ म्हणून मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायला 1991 च्या जमीन वापर कायद्याने बंदी आहे. 2023 च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावरही बंधन आलं. तेव्हा 'विकून मोकळे व्हा' हे वाटतं तितकं सोपं नाही. वर्षभर पाणी भरून मासळीला देणं त्याहून वाईट. दोन-तीन वर्षांत तिथे खारफुटी उगवेल. ती एकदा मूळ धरून उभी राहिली की तोडायला परवानगी मिळवता मिळवता नाकी नऊ येतात. नदीच्या बाजूला बांधाबाहेर खारफुटी हवीच, ती लाटा अडवून बांध राखते. पण बांधाच्या आत ती आली म्हणजे त्या शेताचं भात कायमचं गेलं असं समजा. शिवाय तुमच्या एका तुकड्यात वर्षभर खारं पाणी ठेवलं तर ते शेजाऱ्यांच्या शेतात झिरपणार. दिरांना पैशाची निकड असेल तर ती वेगळी बोला. सासऱ्यांच्या हयातीत, सगळ्यांनी बसून. जमिनीवर तो राग काढू नका.

आता सभेचं. जा, नक्की जा. संघाचं सभासदत्व सासऱ्यांच्या नावावर असेल. फॉर्म एक व चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढून नाव कुठल्या रकान्यात आहे ते आधी पाहा. खरेदीची सनद झाली आहे का तेही विचारून घ्या. झाली नसेल तर त्या कामाला आताच लागा, सासरे आहेत तोवर. सभेला त्यांच्याबरोबर जायचं, किंवा त्यांना जमत नसेल तर त्यांचं सही केलेलं अधिकारपत्र घेऊन. तिथे आजवर बाई गेली नाही म्हणता, पण खाजनातली निंदणी कोण करतं? कणसं कोण राखतं? बायकाच ना? ज्यांचे पाय त्या चिखलात असतात त्यांना मानशीबद्दल बोलायचा हक्क आहे. एकट्याने संकोच वाटत असेल तर शेजारच्या दोन शेतांच्या बायकांना बरोबर घ्या. तिघी मिळून गेलात की पुढच्या वेळी आणखी येतील.

सभेत यंत्राचा विषय काढू नका. एकच मागणी करा: पुढची पावणी करताना कागदात चार अटी लिहा. पेरणीआधी ज्या दिवशी संघ सांगेल त्या दिवसापासून शेवटचं पीक कापून होईपर्यंत खारं पाणी आत घ्यायचं नाही. या काळात मानशीचा ताबा संघाने नेमलेल्या माणसाकडे. पीक बुडालं तर पावणी घेणाऱ्याच्या अनामत रकमेतून भरपाई. आणि पावणीच्या रकमेतला ठराविक हिस्सा त्याच वर्षी, उन्हाळ्यात, बांधावरच खर्च व्हायचा. हिशेब सभेपुढे यायला हवा. रक्कम थोडी कमी आली तरी चालेल असं तुम्हीच म्हणा, कारण विरोध तिथूनच होईल. संघाने टाळाटाळ केली तर लेखी तक्रार मामलेदारांकडे द्या. संघांचा कारभार त्यांच्या देखरेखीखाली येतो. दोन वर्षांच्या नुकसानीचे फोटो, तारखा आणि कुणाकुणाचं पीक गेलं त्याची यादी जोडा. एकाच घराची तक्रार बाजूला पडते, दहा घरांच्या सह्या असतील तर दखल घ्यावीच लागते.

मानस घेणाऱ्याशी वैर करायची गरज नाही, हेही सांगून ठेवतो. कापणीनंतर त्याला पूर्ण हंगाम मोकळा मिळतो. शेतात राहिलेला भाताचा सड कुजून पाण्यात जे खाद्य तयार होतं त्यावरच सुंगटं पोसतात. भात होत राहिलं तर त्याचीही मासळी चांगली राहते. जुन्या मानशीवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. नव्याने पावणी घेणाऱ्याला कुणीतरी समजावून सांगायला हवं, आणि ते सासऱ्यांइतकं चांगलं कुणी सांगू शकणार नाही. त्यांना त्या मुलांबरोबर एकदा बसवा. मुलांनी त्यांना ड्रम सीडर दाखवावा, त्यांनी मुलांना पाणी जिभेवर धरून मिठाचा अंदाज कसा घ्यायचा ते दाखवावं. हातात धरायचा छोटा क्षारता मीटर मुलांनी जरूर विकत घ्यावा. आठवड्यातून एकदा पोंयीतलं पाणी मोजून वहीत तारखेसमोर आकडा लिहावा. गणपतीनंतर आकडा अचानक चढला तर त्याच दिवशी मानशीवर जायचं, पीक पिवळं पडायची वाट बघायची नाही.

संघाकडून सध्याच्या पावणीच्या कागदाची प्रत मागून घ्या. ती सभासदाला मिळायला हवी. त्यात पाण्याच्या वेळेबद्दल काय लिहिलं आहे, मुदत एका वर्षाची आहे की जास्त, आणि ती कधी संपते, ते मला लिहून कळवा. मुदत संपायला वेळ असेल तर येत्या भाद्रपदासाठी काय करता येईल ते त्यावरून ठरवू.